कितीपैकी?

लेथ मशीन चालू असली की खाली लोखंडाचा कुरळा कीस पडत राहतो. मुद्दाम कोणी पाडत नाही. पण शिफ्ट संपताना खाली बघावं तर घोट्याइतका ढीग! आमच्या इन्स्पेक्शन सेक्शनमधल्या गोष्टींचं तसंच झालं. काम होतं लष्कराचं सामान तपासायचं. ते तपासून गेलं, कुठे कुठे पोचलं देव जाणे. ढीग मात्र माझ्याकडे राहिला.

मित्र म्हणतात, "सप्रे, तू वाढवून सांगतो बरं का."

सांगतो! पण या गोष्टी ज्या माणसाच्या, त्याच्यासमोर ती सोय नव्हती. अण्णा देवपुजारी. आमचे सीनियर. त्यांनी नियमच करून टाकला होता : सप्रे बोलला की भागिले दोन. म्हणून मी आधीच दुपटीनं सांगायला लागलो. ते त्यांच्या लक्षात आलं, तेव्हापासून ते चारनं भागतात. पुढचं वाचताना तुम्हीही आपापला भागाकार ठरवून घ्या.

अण्णा म्हणजे काडीसारखा माणूस, खिशात माप तपासायचं स्टीलचं गेज आणि तोंडात एकच प्रश्न : "कितीपैकी?" कोणी काहीही आकडा सांगितला, की अण्णांचा डबा खाणारा हात थांबायचा. "कितीपैकी?"

जबलपूरच्या कुठल्याही मराठी घरात जा, "आमचे पूर्वज सात पिढ्यांपूर्वी इकडे चाकरीला आले" असं ऐकाल. सगळ्यांच्या सातच! अण्णा एकटे म्हणायचे, "मला तीनच नावं माहीत आहेत. बाकीच्या चार पिढ्या दाखवा, मग सात म्हणतो."

अशा माणसाला चार्जमनचं प्रमोशन दोन वर्षं उशिरा मिळालं, याचं तुम्हाला आश्चर्य वाटणार नाही. पण ते का उशिरा मिळालं, हे कळलं तर वाटेल.

* * *

आमच्या सेक्शनमध्ये पेपर एकच यायचा आणि तो वाचायचे स्टोअरचे तिवारीजी. मोठ्यानं. रेडिओवर बातम्या देतात तशा आवाजात. दुपारच्या सुट्टीत आम्ही बाकावर डबे उघडायचो आणि तिवारीजी पेपर.

एकदा म्हणाले, "सुनिए! हमारे मोहल्ले में साँप काटने की घटनाएँ दुगुनी!"

सगळ्यांनी पाय वर घेतले. खरंच घेतले, मीसुद्धा.

अण्णांचा घास थांबला. "दुप्पट म्हणजे किती, तिवारीजी?"

"दुगुनी माने दुगुनी!"

"ते समजलं. मागल्या वर्षी किती होत्या?"

तिवारीजींनी चष्मा सारखा केला, बातमीच्या तळाशी गेले. मागच्या वर्षी एक. यंदा दोन.

"हे दोघं कोण?"

"अब नाम थोड़े ही..." तिवारीजी बोलता बोलता थांबले. नाव छापलेलं होतं. यंदाचा दुसरा माणूस तिवारीजींचा सख्खा साळा निघाला!

"तुमच्या साळ्याला साप चावला आणि तुम्ही सांगितलं नाही?"

"अरे कहाँ का साँप!" तिवारीजी वैतागले. "चूहा था! अँगूठा कुतर गया. शोर ऐसा मचाया कि पूरा मोहल्ला लाठी लेकर आ गया."

अण्णांनी पोळीचा तुकडा मोडला. "म्हणजे साप मागच्या वर्षीइतकेच आहेत. वाढला तो तुमचा साळा."

* * *

पगाराच्या दिवशी फॅक्टरीच्या गेटवर बाजारच भरायचा. त्यात गोहलपूरहून एक मंजनवाला यायचा. स्टुलावर उभा, गळ्यात दातांची माळ. दात खरे की खोटे, कधी विचारलं नाही.

"दस में से नौ डॉक्टर कहते हैं, यही मंजन!"

झालं! शिफ्ट सुटलेली, लोक घाईत, आणि अण्णांनी सायकल स्टँडवर लावली. मी म्हटलं, "अण्णा, चला ना. याला 'कितीपैकी' विचारायची सोय नाही, यानं आधीच दहापैकी सांगितलंय."

"म्हणूनच थांबलो," अण्णा म्हणाले. "पहिल्यांदा कोणी पुरता आकडा देऊन राहिला." मग मंजनवाल्याकडे वळून, "भैया, नऊ जणांचं ऐकलं. मला दहाव्याला भेटायचंय."

मंजनवाला गडबडला. "दसवें से? काहे को?"

"नऊ जणांना तुमचं मंजन आवडलं. दहाव्याला काय खटकलं, ते ऐकून घेतो आणि मग डबी घेतो."

गर्दी जमली. मंजनवाला स्टुलावरून खाली उतरला, अण्णांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबूजी, दसवाँ मेरा बड़ा भाई है. असली डॉक्टर वही है. दो साल से बोलचाल बंद है."

"आणि बाकीचे नऊ?"

"वो तो उसकी जगह भरने को रखे हैं!"

अण्णांनी डबी घेतली. खरं बोलल्याबद्दल. मंजन भिकार होतं.

* * *

आता आमच्या खुद्द कामाची गोष्ट. एका पेटीत शंभर नग. शंभरच्या शंभर तपासायला वेळ कोणाला? म्हणून पेटीतले दहा काढायचे, गेज लावायचं, दहा बरोबर निघाले की पेटी पास. कागदावर एकदम चोख पद्धत!

पण पेटी भरणारा कोण? खानसाहेब. हेड फिटर, मेंदी लावलेली दाढी, हातात जादू. खानसाहेबांना ठाऊक की इन्स्पेक्टर झाकण उघडतो आणि वरचे दहा घेतो. म्हणून वरचे दहा असे असायचे की दागिन्यांच्या डबीत ठेवावेत!

लढाईची हवा सुरू झाली, पेट्यांचा ओघ वाढला, आणि आमच्या सेक्शनचा निकाल आला : सगळ्या पेट्या पास. मॅनेजरसाहेबांनी पेढे वाटले. अण्णांनी पेढा हातात धरला आणि म्हणाले, "सगळ्या पेट्या पास. नग कितीपैकी किती?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी उलटी करून तळातून उघडली. दहापैकी चार बाद!

खानसाहेबांनी बाद नग उचलून नेले. पुढच्या पेटीत वरचे दहा आणि तळचे दहा, दोन्ही चकचकीत. अण्णांनी मधोमध हात घातला. तीन बाद. त्यापुढच्या पेटीत वर, खाली, मध्ये! अण्णांनी कोपरे धरले. हे पंधरा दिवस चाललं. बरं, आठ दिवस. दोघं एकमेकांशी बोलत नसत, पण खानसाहेबांची पेटी अण्णांशिवाय कोणी उघडली तर दोघंही चिडायचे.

शेवटी एक दिवस खानसाहेब आमच्या बाकाशी आले, गेज टेबलावर ठेवलं आणि हताश होऊन अण्णांना म्हणाले, "पंडितजी, बस! ऊपर अच्छा, नीचे अच्छा, बीच में अच्छा, कोने में अच्छा. इतनी बेईमानी में बड़ी मेहनत है. इससे तो हम सारे ही अच्छे बना देंगे!"

* * *

आमच्या गेटवर एक बोर्ड होता : 'अपघाताशिवाय इतके दिवस'. इतके म्हणजे किती, तो आकडा रोज बदलायचा आणि तो वाढत राहणं हा मॅनेजरसाहेबांचा प्राण!

नियम असा होता की जखमी माणूस दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही, तरच तो अपघात. आला, तर किरकोळ इजा. बोर्डाला धक्का नाही. नियम कागदावर आला आणि लोकांच्या अंगावर शेकला!

माझ्या पायावर पेटी पडली. हाड मोडलं, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात फॅक्टरीची गाडी! खुर्चीसकट उचलून आणला मला. टोकन टाकलं, हजेरी लागली, दिवसभर खिडकीशी बसून राहिलो. तिवारीजी पेपर वाचून दाखवायचे. असे पंधरा दिवस!

त्यातच आम्हाला सुरक्षेची शील्ड मिळाली. ग्रुप फोटो ठरला. मी म्हटलं, मी येत नाही. मॅनेजरसाहेब म्हणाले, "वाह! सेक्शन तुम्हारा, और तुम नहीं?" मला पहिल्या रांगेत, मधोमध बसवलं. फोटोवाल्यानं पडद्यात डोकं घातलं आणि बाहेर काढलं. "साहब, ये सफ़ेद पैर आ रहा है."

मग मॅनेजरसाहेबांनीच युक्ती काढली. शील्ड माझ्या मांडीवरून खाली उतरवून पायाशी टेकवली. चांगली भारी, लाकडी शील्ड. पाय अगदी बेतशीर झाकला गेला!

फोटो अजून माझ्याकडे आहे. मागच्या बाजूला अण्णांच्या अक्षरात लिहिलेलं आहे : 'अपघात शून्य. त्यापैकी सप्रे एक.'

* * *

असा माणूस घरी कसा असेल? वहिनींना विचारा.

अण्णांची तक्रार होती की आमटी नेहमी खारट होते. वहिनी म्हणाल्या, "नेहमी? कितीपैकी?" आपलंच हत्यार उलटलेलं पाहून अण्णा गप्प बसले असते, तर ते अण्णा कसले! म्हणाले, "दहापैकी तीनदा तरी."

रविवारी मी त्यांच्या क्वार्टरवर जेवायला होतो. वहिनींनी ओळीनं दहा वाट्या मांडल्या. सगळ्यांत आमटी. "चाखा. आणि सांगा, यातली खारट कोणती."

अण्णांनी गंभीरपणे चाखलं. दोन घोटांमध्ये पाणी प्यायले, डोळे मिटले. मला तर वाटलं, आता खिशातून गेज काढतात! तीन वाट्या बाजूला केल्या. "या तीन. बघा, मी काय म्हणत होतो?"

"सप्रेभाऊजी, तुम्ही साक्षीदार हं," वहिनी म्हणाल्या, आणि पातेलं आणून समोर ठेवलं. दहाही वाट्या एकाच पातेल्यातल्या!

मी हसून हसून पडलो. अण्णा मात्र हसले नाहीत. बाजूला काढलेल्या तीन वाट्या परत ओळीत लावल्या. मग म्हणाले, "म्हणजे तीन पेट्या मी उगाच बाद केल्या." त्यानंतर आमटीबद्दल चकार शब्द नाही.

तेवढ्यात दारात हाक आली. "पंडिताइन! शहद!"

हा बिसराम. कुंडमकडच्या जंगलातला गोंड. दर रविवारी मध घेऊन यायचा. खांद्यावर मधाचे डबे, कमरेला दोर आणि कोयता, आणि गळ्यात दोरीनं अडकवलेला आरशाचा तुकडा. आरसा काहून, असं मी विचारलं होतं. तर दाढीत अडकलेल्या माश्या काढायला! स्वतःशी गोंडीत काहीतरी पुटपुटत मध मोजायचा आणि अण्णांनी विचारलं, "शुद्ध आहे ना?" की म्हणायचा, "एक मक्खी छोड़ के सब शुद्ध है." आणि खरंच एक माशी असायची! या एका माणसावर अण्णांचा संपूर्ण विश्वास होता.

* * *

मग लढाई पेटली.

काचांना काळे कागद लागले, शिफ्ट बाराबारा तासांच्या झाल्या, गेटवर शिपाई आमचे डबे उघडून आमटीत चमचा फिरवून बघायला लागले. आणि तिवारीजींचा आवाज दुप्पट झाला. इथे भागाकार करू नका, खरंच झाला!

"शहर में एक और जासूस पकड़ा गया!"

रोज एक. आज या मोहल्ल्यात, उद्या त्या. तिवारीजींनी स्टोअरच्या फळ्यावर खडूनं रेघा मारायला सुरुवात केली. आठवड्यात सात रेघा झाल्या. जेवताना कोणी बोलेना. माझ्या शेजारी बसणाऱ्यानं मला माझ्या आजोबांचं नाव विचारलं, खात्री करून घ्यायला!

सातव्या दिवशी अण्णांचा घास थांबला. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. माझ्या त्याच मोडक्या पायानं!

"तिवारीजी, सात कितीपैकी?"

"पंडितजी!" तिवारीजी उभेच राहिले. "जासूस में कितने में से क्या होता है? मुल्क का सवाल है!"

"म्हणूनच विचारून राहिलो. सात वेगवेगळे आहेत ना?"

संध्याकाळपर्यंत हे मॅनेजरसाहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी अण्णांना बोलावलं, मलाही, कारण मी शेजारी बसतो. माणूस वाईट नव्हता. टेबलावरचा कागद पुढे सरकवला. अण्णांची चार्जमनची ऑर्डर! फक्त सही बाकी.

"देवपुजारी, ये डिफेंस का काम है. लड़ाई के दिन हैं. आपका नाम किसी पुलिस के कागज़ में आ गया, तो मेरे हाथ में कुछ नहीं रहेगा. ये ऑर्डर छोड़िए, गेट पास जाएगा, क्वार्टर जाएगा. समझे?"

"समजलं," अण्णा म्हणाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "आता आपण नाही विचारत, बुवा." आणि मी त्यावर विश्वास ठेवला! एवढी वर्षं मी थापा मारतो, पण मला थाप पचवता येते असं नाही.

रविवारी वहिनींनी सहज म्हटलं, "अहो, मध संपला. बिसराम काहून नाही आला? मागच्या रविवारीही नव्हता."

अण्णांनी पेपराची सात कात्रणं घेतली, वही घेतली, सायकल घेतली आणि निघाले.

आधी गोहलपूर. "तुमच्याकडे पकडलेला हेर कसा होता हो?" लोकांनी हौसेनं सांगितलं. दाढी. कमरेला दोर, कोयता. विमानाला इशारा करायला गळ्यात आरसा. डब्यात काहीतरी चिकट, बहुतेक बॉम्बचं सामान. आणि बोलत होता परक्या भाषेत! अण्णांनी वहीत लिहिलं : दोर, कोयता, आरसा, डबे.

मग चेरीताल. तिथेही दोर, कोयता, आरसा! डबा मात्र एक कमी. कारण प्रत्येक ठिकाणी चौकशी करून त्याला सोडत होते आणि एक डबा 'तपासणीसाठी' ठेवून घेत होते. बिचारा घरी जायला निघाला की पुढच्या मोहल्ल्यातले धरत होते!

गंमत म्हणजे, गोहलपूरवाल्यांनी अण्णांना बजावलं होतं, "चेरीताल वाला फर्ज़ी है बाबूजी, असली जासूस हमने पकड़ा." आणि चेरीतालवाले म्हणाले, "गोहलपूर में काहे का जासूस! असली तो हमारा था!"

सातव्या मोहल्ल्यात पोचेपर्यंत अण्णांच्या वहीत मोहल्ल्यांची नावं, रस्त्यांच्या खुणा, बाण, सगळं तयार झालं होतं. आणि तिथल्या एका म्हाताऱ्यानं एकदम रास्त प्रश्न विचारला, "आप कौन हैं, और कॉपी में ये क्या लिख रहे हैं?"

* * *

सोमवारी सकाळी मॅनेजरसाहेबांनी मला आणि आमच्या सिक्युरिटीच्या सुभेदारसाहेबांना चौकीवर पाठवलं. कुठली चौकी, ते सांगत नाही. निरोप एकच : माणूस आणा, पण त्याचं नाव कागदावर राहता कामा नये. सही अजून व्हायची आहे.

चौकीत बाकावर दोघं शेजारी बसलेले. अण्णा आणि बिसराम! बिसरामकडे आता एकही डबा नव्हता. मला बघून म्हणाला, "राम राम. इस बार शहद नहीं बचा."

चौकीचे दरोगाजी भले गृहस्थ होते. सुभेदारसाहेबांनी ओळख पटवली, मी फॅक्टरीचं पत्र दाखवलं. दरोगाजींनी अण्णांना चहा पाजला, माफी मागितली, नाव खोडलं. माझ्यासमोर खोडलं, दोनदा रेघ मारून. "नाम निकाल दिया. लेकिन गिनती रहने दीजिए. आठ का आँकड़ा फोन से ऊपर जा चुका है."

"राहू द्या, राहू द्या!" मीच घाईनं म्हटलं.

"आणि हा?" अण्णांनी बिसरामकडे बोट दाखवलं.

"इसका फ़ैसला ऊपर होगा. तीन बजे गाड़ी आएगी, बड़ी जेल जाएगा. सात जगह पकड़ा गया आदमी है, हम कैसे छोड़ दें?"

मी अण्णांचा दंड धरला आणि मराठीत म्हटलं, "अण्णा, तुमच्या पाया पडतो. एक शब्द बोलू नका. ऑर्डर टेबलावर आहे. क्वार्टर आहे, वहिनी आहेत. बिसरामचं आपण मागाहून बघू."

अण्णांनी मान हलवली. मुकाट्यानं उठले. पायरीशी बसून एक बूट घातला.

आत दरोगाजी मुंशीला रिपोर्ट सांगत होते, "लिखिए. कुल आठ जासूस पकड़े गए. एक जाँच के बाद छोड़ा गया. बाकी सात हिरासत में."

मुंशीनं लिहिता लिहिता बाकाकडे बघितलं. बाकावर बिसराम एकटा, आरशाच्या तुकड्यात बघून दाढीतून काहीतरी काढत होता. मुंशीनं पुन्हा कागदाकडे बघितलं आणि लिहिलं.

अण्णांचा दुसरा बूट हातातच राहिला. मी तो त्यांच्या पायात घालायला खाली वाकलो. खरंच वाकलो! तेवढ्या वेळात ते एका बुटानं आत गेलेही.

"दरोगाजी, सात नाही. ये एक है. सात बार पकड़ा गया है, पर आदमी एक है."

सुभेदारसाहेबांनी डोळे मिटले.

दरोगाजींनी चहाचा कप खाली ठेवला. "अच्छा! सात नहीं हैं. और आठवाँ?"

"आठवाँ मैं," अण्णा म्हणाले. "मला धरून दोन. लिहायचं तर बरोबर लिहा. आणि नाव खोडलंय, तेही परत लिहा, नाहीतर बेरीज जुळणार नाही."

बिसराम बाकावर थोडा सरकला. अण्णा त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि हातातला बूट जमिनीवर ठेवला.

दरोगाजींनी एकदा बिसरामकडे बघितलं, एकदा अण्णांकडे, एकदा त्या बुटाकडे. मग शांतपणे मुंशीकडे वळले.

"मुंशीजी, आठ काट दीजिए. बाबूजी बाहर जाकर फिर अंदर आए हैं. लिखिए, नौ."